दाढेच्या जागी मेण

सन दोन हजार तेवीस. मी तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो, आणि वरची उजवीकडची एक दाढ सोडली तर मला कशाचाही त्रास नव्हता. चष्मा होता, पण बारीक कामाला मी तो लावत नसे. सराफ्यातल्या आमच्या गल्लीत माझ्या वयाचे जे उरले होते त्यांचे हात थरथरत. माझे थरथरत नव्हते. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढं सगळं उलटंच आहे.

माझी शाळा चौथीपर्यंत, तीही हिंदीतून. मराठी घरात बोललो आणि आईनं पोथी वाचायला शिकवलं तेवढीच वाचली. लिहिताना ज्या चुका झाल्या त्या नातीनं सुधारल्या. मजकुराला मात्र मी तिला हात लावू दिला नाही.

लिहायचं कारण असं की दवाखान्यात मला माझ्यासारखे आणखी लोक दिसले. वरची दाढ काढली, पाणी पिताना नाकातून आलं, आणि लाजेनं कोणाला सांगितलं नाही. लाज कसली ते मला विचारा. म्हाताऱ्या माणसाच्या नाकातून वरण बाहेर येतं ही काय सांगायची गोष्ट आहे? पण सांगायची असते.

फुंकणी

आम्ही सोनार. माझे आजोबा भंडाऱ्याकडून जबलपुरात आले. दुकान लहान, दोन माणसं मांडी घालून बसली की भरलं. एका बाजूला मी बसत होतो, दुसऱ्या बाजूला माझा मुलगा दिलीप.

दिलीप गॅसवर काम करतो. आता सगळेच करतात. बटण फिरवलं की निळी ज्योत. मी शेवटपर्यंत फुंकणी वापरली. फुंकणी म्हणजे पितळेची वाकडी नळी. तिचं टोक दिव्याच्या ज्योतीला लावायचं आणि तोंडानं फुंकायचं. ज्योत आडवी होते, सुईसारखी बारीक होते आणि जिथं पाहिजे तिथंच लागते. खरं काम गालांचं असतं. गालात हवा भरून ठेवायची, नाकानं श्वास घेत राहायचं आणि गालातून सारखी, न तुटता हवा सोडायची. बापानं मला लहानपणी पाण्याच्या लोट्यात नळी धरून बुडबुडे काढायला लावले होते. बुडबुडा तुटला की पाठीत धपाटा.

दिलीपला मी म्हणत असे, "तुझी ज्योत सिलेंडरची. माझी ज्योत माझ्या पोटातली." तो हसायचा नाही. मान खाली घालून काम करायचा.

मला एक मुलगी होती, सुनंदा. तिच्या लग्नात मंगळसूत्राच्या दोन्ही वाट्या मी स्वतः केल्या. पत्रा ठोकण्यापासून कडी जोडण्यापर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. सुनंदा तापानं गेली तेव्हा तिची पोरगी पल्लवी चालायला शिकून राहिली होती. जावयानं मंगळसूत्र माझ्या बायकोच्या, विमलच्या हातात दिलं. पुढं त्यानं दुसरं लग्न केलं, कटनीला गेला. त्याला बोल लावत नाही, तरुण होता. पल्लवी आमच्याजवळ वाढली. वाट्या विमलच्या देव्हाऱ्यात राहिल्या. आई कशी होती ते पल्लवीला आठवत नाही. त्या वाट्या मात्र लहानपणापासून हातात घेऊन बसायची.

पल्लवी बँकेत लागली. आमच्याच जबलपुरातल्या मदन महल भागातला मुलगा तिनं स्वतः पसंत केला. घर हिंदी बोलणारं, माणसं चांगली. त्यांच्यात वाट्या नसतात. ते म्हणाले, बहू जे घालेल ते चालेल. पल्लवी माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "नाना, मला नवीन काही नको. आईच्याच वाट्या घालीन. वितळवू नका. फक्त दुरुस्त करून द्या."

दोन्ही कड्या झिजून दोऱ्यासारख्या झाल्या होत्या. एका वाटीच्या काठाला चीर होती. काम मोठं नव्हतं, पण जुनं झिजलेलं सोनं कागदासारखं पातळ असतं. दिलीपनं हात पुढं केला होता. मी वाट्या माझ्या बाजूला ओढून घेतल्या.

दाढ

दाढ त्या वर्षीच्या थंडीत दुखायला लागली. लवंग ठेवली, मिठाचं पाणी केलं. शेवटी मदन महल स्टेशनजवळ एक तरुण दाताचा डॉक्टर आहे, त्याच्याकडे एकटाच गेलो. दाढ सहज निघाली नाही. निघाली तेव्हा त्यानं आत बॅटरी मारून पाहिलं, नाक दाबून मला हळूच फुंकायला सांगितलं आणि गंभीर झाला.

तो म्हणाला, "बाबूजी, ऊपर की हड्डी बहुत पतली थी. मुँह और नाक के बीच छोटा-सा रास्ता बन गया है. टाँका लगा दिया है, भर जाएगा. लेकिन फूँकना नहीं है, चूसना नहीं है, छींक आए तो मुँह खोल के."

किती दिवस, असं विचारलं तर म्हणाला, मी सांगेपर्यंत. मी काय काम करतो ते त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

घरी येऊन एवढंच सांगितलं की दाढ निघाली.

दुसऱ्या दिवशी गुरुपुष्य होता. सोनाराच्या घरी गुरुपुष्य म्हणजे काय ते सोनारालाच ठाऊक. त्या दिवशी हाती घेतलेलं सोन्याचं काम शुभ. विमलनं वाट्यांना हळदकुंकू लावून, आतली जुनी लाख मी काढून ठेवली होती ती झटकून, तबकात मांडून दिल्या. पल्लवी बँकेत जाता जाता वाट्यांच्या पाया पडून गेली. आता त्या पोरीला काय सांगू, की काल एका पोरगेल्या डॉक्टरनं फुंकू नको म्हटलं?

आणि खरं सांगायचं तर मला त्याचं म्हणणं लागू आहे असं वाटलंच नाही. फुंकायचं नाही म्हणजे शंख वाजवायचा नाही, फुगा फुगवायचा नाही. सोनाराची फुंक ती फुंक नव्हे. ती हळू असते. असं मी मनाशी ठरवलं आणि दिवा लावला.

पहिल्याच फुंकेला वर काहीतरी उसवलं. दुखलं नाही. ताणलेला दोरा सुटावा तसं झालं, तोंडात खारट रक्त आलं आणि नाकात आतून गार वारा लागला. ज्योत आडवी व्हायच्या ऐवजी लटपटली. जोड धरायला लावतात तो टाकणखार मी शकुनापुरता लावला, वाट्या पुन्हा तबकात ठेवल्या आणि दिलीपला म्हटलं, आज मुहूर्त झाला, बाकी नंतर.

दुपारी जेवताना वरणाचा पहिला घोट घेतला आणि तो नाकातून ताटात आला. विमल म्हणाली, "ठसका लागला का हो?" मी हो म्हणालो.

मेण

त्या डॉक्टरकडे परत जायला पाहिजे होतं. त्याच दिवशी. तुम्हाला असं झालं तर त्याच दिवशी जा, हेच सांगायला मी बसलो आहे. पण मी गेलो असतो तर घरी कळलं असतं, आणि घरच्यांनी वाट्या दिलीपकडे दिल्या असत्या.

जन्मभर मी भोकं बुजवली. पोकळ दागिन्यात लाख भरली, खडा हलत असला तर मेणानं धरला. माझ्या पेटीत मधमाशीचं मेण नेहमी असतं. ते बोटांत मळून मऊ केलं, वाटाण्याएवढी गोळी केली आणि दाढेच्या जागी दाबून बसवली. पाणी पिऊन पाहिलं. नाकातून आलं नाही. मला इतका आनंद झाला की मी स्वतःशीच हसलो. डॉक्टर एवढं शिकून जे करतात ते मी पेटीतल्या मेणानं केलं होतं.

रोज सकाळी दुकानात जायचं, पाठ करून मेण बसवायचं आणि कामाला लागायचं. पहिल्या वाटीची जुनी कडी उतरवून नवी जोडली. ती कडी माझ्या आयुष्यातलं शेवटचं चांगलं काम. जोड कुठं आहे ते मलाही नंतर शोधावं लागलं. दिलीपनं वाटी हातात घेतली, भिंगातून पाहिली आणि काही न बोलता परत ठेवली. त्याचं न बोलणं मला कळत होतं, आणि मी फुगलो होतो.

दुसरी वाटी चीर असलेली होती. त्या दिवशी गाल जड होता, आत काहीतरी ठुसठुसत होतं. मी बसलो. टाका म्हणजे जोडाचं, लवकर वितळणारं सोनं, ते चिरेवर ठेवलं, टाकणखार लावला, ज्योत धरली. टाका वितळून पाण्यासारखा चिरेत धावतो, तो क्षण पाहायला सोनार जन्माला येतो असं माझा बाप म्हणत असे. टाका धावेना. हवा कुठंतरी चोरून जात होती, ज्योत रुंद होत होती. मी वाटी जवळ घेतली आणि जोर लावला.

मेण वर गेलं. मला कळलं ते जाताना. हवा एकदम नाकात घुसली, डोळ्यांत पाणी आलं, ज्योत हातातून सुटल्यासारखी वळली आणि पूर्ण वाटीवर पसरली. मी नळी ओढली, पण उशीर झाला होता. काठ आत वळला. वाटी मिटली. डोळ्याचं पातं मिटावं तशी मिटली आणि तिची गोळी झाली.

दिलीप चहा सांगायला गेला होता. तो यायच्या आत मी ती गोळी गार केली आणि चुन्याच्या डबीत टाकली. डबी बंडीच्या खिशात. सुनंदाच्या गळ्यातली वाटी माझ्या खिशात, हरभऱ्याएवढी.

वास

मग आजार आला, कारण मेण वर जाऊन बसलं होतं.

पहिल्यांदा वास आला. घरात काहीतरी मेल्यासारखा. मी विमलला म्हटलं, उंदीर मेला आहे. तिनं कपाट ओढलं, पलंग ओढला, मोरी फिनाइलनं धुतली. शेजारचीला विचारून आली. उंदीर सापडला नाही. मला भात सडलेला लागायचा, दूध सडलेलं. ती बिचारी दुसरं दूध तापवायची. मग एक दिवस मी वाकून चप्पल घालत होतो तर उजव्या नाकपुडीतून पिवळं पाणी टपकन फरशीवर पडलं, आणि विमलनं पदर नाकाला लावला. तेव्हा दोघांनाही कळलं की उंदीर कुठं आहे. तिनं फरशी पुसली.

वाकलं की गाल फाटेल असं वाटायचं. ठोकायला वाकता येईना. मी सर्दी म्हणत राहिलो. पल्लवी बँकेतून आली की विचारायची, "झाल्या का वाट्या?" मी म्हणायचो, "होऊन राहिल्या." ती माझ्या तोंडाकडे पाहायची. जवळ बसायची ती थोडी लांब बसायला लागली, वासामुळं. तिला वाटायचं माझ्या लक्षात आलं नाही.

एक दिवस डोळ्याखाली सूज आली, अंगात ताप भरला आणि मी आंघोळीच्या पाटावरून उठू शकलो नाही. पल्लवीनं रजा टाकली. लग्नाच्या खरेदीसाठी ठेवलेली रजा होती ती. मला स्कूटीवर मागं बसवून ओढणीनं स्वतःला बांधून घेतलं, मी पडू नये म्हणून, आणि मोठ्या दवाखान्यात नेलं.

फोटो

डॉक्टरीण तरुण होती, बोलायला गोड. डोक्याचा फोटो काढला, मशीनमध्ये झोपवून. मग आम्हाला दोघांना आत बोलावलं. पडद्यावर माझं डोकं होतं, आडवं कापल्यासारखं. डावीकडची, गालाच्या हाडातली पोकळी काळी होती. उजवीकडची पांढरीफट्ट. ती म्हणाली, काळं असायला पाहिजे, ती हवा आहे. पांढरा तो पू. आणि पांढऱ्यात मधोमध एक गोल होता.

तिनं पेन त्या गोलावर ठेवला. "दादाजी, ये क्या है? दाँत तो नहीं है. कुछ डाला था आपने?"

पल्लवी म्हणाली, यांनी काही नाही घातलं, हे लवंगसुद्धा चावत नाहीत. डॉक्टरीण माझ्याकडेच पाहत राहिली.

"मोम," मी म्हणालो.

"मोम? क्यों?"

पल्लवीनं माझ्याकडे वळून मराठीत विचारलं. ती घरात अर्धं हिंदीच बोलते, पण त्या वेळी मराठीत बोलली. "नाना, मेण काहून घातलं?"

"हवा जाऊन राहिली होती. फुंकता येत नव्हतं."

"कशाला फुंकायचं होतं?" असं तिनं विचारलं आणि विचारता विचारताच तिला कळलं. मी तिचं तोंड पाहिलं. मग लपवायला काही उरलं नाही. मी बंडीच्या खिशातून चुन्याची डबी काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

तिनं उघडली. चुना लागलेली गोळी. तिनं ती बोटानं पुसली.

"दुसरी?" तिनं विचारलं.

"दुसरी चांगली आहे. कडी जोडली आहे."

"मग एक तर आहे ना," ती म्हणाली. माझ्याशी नाही, गोळीशी बोलल्यासारखी. डबी बंद करून माझ्या खिशात परत ठेवली, वरून हात फिरवला आणि डॉक्टरणीला विचारलं, ऑपरेशन कधी. भरतीचे कागद भरायला म्हणून बाहेर गेली. मला पाणी पाहिजे होतं म्हणून मी दारापर्यंत गेलो, तर ती पाण्याच्या नळाजवळ भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. मी पाणी न पिता परत आलो.

सुनंदा गेली तेव्हा मी रडलो नव्हतो. बाप रडला तर घर कसं उभं राहणार, असं मला वाटलं होतं. त्या दिवशी त्या खुर्चीवर बसून मला कळलं की माझी मुलगी एकदा तापानं गेली आणि उरलेली थोडीशी माझ्या तोंडानं गेली.

वॉर्ड

ऑपरेशनचं मला फारसं माहीत नाही आणि सांगणारही नाही. नाकातून आणि ओठाच्या वरून आत जाऊन सगळं साफ केलं, गालाचं मांस ओढून भोक बंद केलं. मेण काढून डॉक्टरणीनं एका वाडग्यात ठेवलं होतं. मला दाखवलं. मला ते ओळखू आलं नाही.

उजवं नाक पट्टीनं गच्च भरलेलं, तोंडात टाके. तोंडानं श्वास घ्यायचा, तो कोरडा पडायचा. सकाळी सिस्टर येऊन ओरडायची, "बाबूजी, छींक दबानी नहीं है. मुँह खोल के." शिंक आली की सगळा वॉर्ड माझ्याकडे पाहायचा आणि एकजण तरी म्हणायचाच, "मुँह खोलो." रोज तेच. पट्टी बदलणं, सुई, वाफ, पातळ खाणं, पुन्हा सुई. त्या रोजच्यानं धीर येतो. घाबरायला वेळ मिळत नाही.

भीती वाटली ती एकदाच, पट्टी काढताना. इतकी लांब निघत राहिली की मला वाटलं आता मेंदूच येतो. पल्लवीचा हात धरला होता. नंतर तिच्या हातावर माझ्या नखांचे वण होते. तिनं बाही खाली ओढली.

शेजारच्या पलंगावर बरगी धरणाकडचा एक मासेमार होता, नाकाचंच काही झालेलं. माझ्याहून लहान, मला दद्दा म्हणायचा, वडीलधारा म्हणून. मला चमच्यानं चहा जात नव्हता, ओठ बधिर होता, सगळा दाढीवर सांडायचा. विमलसमोर मला ते सहन होईना, म्हणून मी चहाच नको म्हणायचो. त्यानं एक दिवस स्वतःचा पेला उचलला आणि म्हणाला, "दद्दा, मुंडी टेढ़ी करो, मछली जैसे. उल्टे तरफ से पियो." स्वतः तशी मान करून दाखवली. मी डावीकडं मान टाकून प्यायलो. एक थेंब सांडला नाही. आम्ही दोघं बगळ्यांसारखे माना वाकड्या करून चहा पीत बसलो. विमल हसली. तिला हसताना पाहून किती दिवस झाले होते.

वासही असाच परत आला. विमल मुगाचं पातळ वरण आणत असे, वरून तुपाची हिंगाची फोडणी. एके सकाळी डबा उघडला आणि मला हिंग आला. फक्त हिंग. मी डबा हातात धरून बसलो, खाल्लं नाही, म्हणून तिला वाटलं बिघडलं. तिनं झाकण लावायला हात पुढं केला. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "चांगलं आहे. तेव्हाही सगळं चांगलंच होतं." तिला कळलं मी कोणत्या दुधाबद्दल, कोणत्या भाताबद्दल बोलून राहिलो ते. ती म्हणाली, "खा आता, निवून जाईल."

सोडायच्या दिवशी डॉक्टरणीनं समोर बसवून सांगितलं. भोक बंद झालं आहे, पण तिथं मांसच आहे, हाड नाही. "फूँकने वाला काम अब कभी नहीं, दादाजी. वो नली भूल जाइए." मी विचारलं, हळू फुंकलं तर. ती म्हणाली, हळूसुद्धा नाही. पल्लवी माझ्याजवळ उभी होती. तिनं ऐकलं.

दिलीप

दिलीप दवाखान्यात रोज यायचा. औषधं आणायचा, उभा राहायचा, जायचा. मेणाबद्दल एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर बोलला.

पल्लवीनं विमलला सांगितलं होतं, विमलनं त्याला. त्यानं जेवण झाल्यावर ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, गॅसवर दोन मिनिटांचं काम होतं. ज्योत बारीक ठेवून मी अशा झिजलेल्या वस्तू रोज जोडतो. आताही ती गोळी द्या, पत्रा काढून वाटी करतो, लग्नाच्या आत होईल.

मी म्हणालो, "तिला गॅस लागणार नाही."

"काहून? गॅसनं सोनं बाटते?"

"ती मी केली होती. माझ्या श्वासानं. दुसऱ्याच्या हातची नको तिला."

विमलनं मला गप्प बसायची खूण केली. दिलीप उठला. हात धुऊन आला आणि पंच्याला हात पुसत दारात उभा राहिला. आवाज चढवला नाही त्यानं, तो कधी चढवत नाही.

"बाबा, ती माझी पण बहीण होती," तो म्हणाला. "तिच्या लग्नात मला तुम्ही फक्त कोळसा फोडायला लावला. ती गेल्यावर वाट्या देव्हाऱ्यात गेल्या. मी आजपर्यंत त्यांना हात लावला नाही, कारण तुम्ही लावू दिला नाही. त्या दिवशी भिंगातून पाहिली तेवढीच."

एवढं बोलून तो झोपायला गेला. मी डबी खिशातून काढली नाही. काढायला पाहिजे होती. पण माझी मान अशी आहे की ती लगेच वळत नाही.

पल्लवीला विमलनं विचारलं, आता काय करायचं, दुसरी नवीन घेऊ का. पल्लवी म्हणाली, "नको. एकच ओवा."

लग्न

विमलनं काळ्या मण्यांत एक वाटी ओवली. तिनं ती मधोमध नाही ठेवली. दोन वाट्या असत्या तर जिथं आली असती तिथंच, एका बाजूला ठेवली, आणि दुसऱ्या बाजूला जागा सोडून गाठ मारली.

लग्न छान झालं. मला बघून लोक म्हणत होते, काका बरे दिसता. एका बाजूचा ओठ अजून बधिर होता, त्यामुळं मी हसलो की वाकडा हसत होतो, आणि फोटोवाला सारखा म्हणत होता, "दादाजी, थोड़ा स्माइल." कटनीहून जावई आला होता. मागं बसला. मीच त्याला उठवून पुढं आणलं. मंगळसूत्र बांधताना त्याचं लक्ष वाटीवर गेलं. त्यानं ओळखली. माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मी डबी घेऊन गेलो होतो. रेशमी सदऱ्याला खिसा लहान, तो फुगून दिसत होता.

जेवणाच्या वेळी मुलाकडची एक बाई पल्लवीजवळ आली. मनानं वाईट नव्हती, आपली कुतूहलानं विचारून राहिली होती. मंगळसूत्र बोटानं उचलून म्हणाली, "बहू, तुम लोगों में तो दो होती हैं ना? ये एक ही क्यों है?"

मी ताट घेऊन मागंच उभा होतो. पल्लवीला ते माहीत नव्हतं. तिनं सहज सांगितलं, जसं एखादं माणूस गावाला गेलंय म्हणून सांगावं तसं.

"दूसरी नाना के पास है."

बाई अच्छा म्हणाली आणि पुढं गेली. मी ताट ठेवून दिलं.

पाठवणीच्या वेळी पल्लवीनं माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि उठताना कानात म्हणाली, "नाना, शिंक आली तर तोंड उघडून." मी हो म्हणालो. गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळेला उठलो. आंघोळ केली. फुंकणी पेटीतच राहू दिली आणि पेटी घरीच ठेवली. सुनंदाच्या वाट्या ज्या ठशात ठोकल्या होत्या तो लोखंडी ठसा कपाटातून काढून पिशवीत टाकला. दिलीप दुकान उघडून झाडून राहिला होता. मी माझ्या जागेवर बसलो नाही. त्याच्यासमोर, गिऱ्हाइकं बसतात त्या गादीवर बसलो. त्यानं झाडणं थांबवलं.

डबी उघडून मी गोळी त्याच्या हातावर ठेवली, आणि ठसा समोर.

"सुनंदाची होती तशीच कर," मी म्हणालो. "तुझ्या हातानं."

त्यानं ती बोटांत फिरवून पाहिली. मग शर्टाच्या टोकानं चुना पुसला, सोनं वितळवायच्या मुशीत ठेवली आणि गॅस पेटवला. ज्योत निळी झाली. माझे गाल सवयीनं फुगले. मी ती हवा गालात धरून बसलो, आणि मग तोंड उघडून हळूच सोडून दिली.